वेगळा वेळ न काढता जमलेला व्यायाम

जळगावात एप्रिल-मे म्हणजे सकाळी आठलाच ऊन चटके द्यायला लागतं. मेहरूण तलावावर फिरायला जावं, तर दुकान उघडायची वेळही तीच. म्हणून वेगळा वेळ शोधणंच सोडलं आणि व्यायाम रोजच्या कामांना जोडून टाकला.

सर्वात मोठा फरक पडला तो जेवणानंतरच्या फेऱ्यांनी. रात्री भाकरी-भरीत झालं की दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर चालायचं. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतर ती एकदम चढत नाही. आईला मधुमेह आहे, म्हणून मला याचं फार मोल वाटतं. आता तीही कठड्याला एक हात लावून माझ्यासोबत चालते, गप्पांत वेळ कळत नाही.

कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला हात टेकवून टाचा वर-खाली करायच्या. दुकानात गिऱ्हाईक नसलं की हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठ-बस. मांड्या छान भरून येतात. गुडघे कुरकुरत असतील तर उंच खुर्ची घ्या. दूध आणायला गाडी बंद, पायीच.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. ती सलग दहा-दहा मिनिटांचीच हवी, ही अट २०२० च्या सूचनांत राहिली नाही. थोडं थोडं केलेलंही धरलं जातं, याचा मला फार आधार वाटला. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं, चालताना साखर एकदम उतरू शकते.