ब्रोकोली आणि केल बियांपासून लावताना या चुका टाळा: जानेवारीचा गड्डा सप्टेंबरातच बिघडतो

परसबागेतल्या ब्रोकोलीचा गड्डा बटणाएवढाच राहिला, विस्कटला किंवा पिवळा फुलून गेला, की पहिला संशय खतावर जातो आणि दुसरा बियाण्यावर. खरा दोष बहुतेक वेळा दोन-तीन महिने जुना असतो. बी चुकीच्या आठवड्यात पडलेले असते, नाहीतर रोप ट्रेमध्येच ताटकळलेले असते. केल ही कोबीच्या कुळातली पालेभाजी त्या मानाने सोशिक आहे, पण तिचीही रोपे पहिल्या महिन्यातच बिघडतात. म्हणून बहुतेक चुका रोपवाटिकेतल्याच आहेत.

पाकिटावरचे महिने जसेच्या तसे पाळणे

परदेशी पाकिटावर ‘मार्च-एप्रिलमध्ये पेरा’ असे छापलेले असते. ते तिकडच्या थंड वसंतासाठी आहे. आपल्याकडे मार्चमध्ये पेरलेली ब्रोकोली मे महिन्याच्या उन्हात गड्डा धरायला निघते आणि साहजिकच फसते. गड्डा घट्ट भरायला १५ ते २० अंश सेल्सियसच्या आसपासची हवा लागते. दिवसाचे तापमान सतत तिशीत राहिले, की कळ्या सैल होतात, गड्ड्यातून बारीक पाने डोकावतात आणि कळ्यांवर तपकिरी डाग पडतात.

महाराष्ट्रात गड्डा डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत भरायला हवा. तिथून उलटे मोजा. पाकिटावरचे ‘६५ दिवस’ बहुधा रोप लावल्यापासूनचे असतात, बी टाकल्यापासूनचे नव्हेत. ही गफलत सर्रास होते. रोपाचे २८ दिवस त्यात मिळवले, की ५ ऑक्टोबरला टाकलेले बी २ नोव्हेंबरला जमिनीत जाते आणि गड्डा ६ जानेवारीच्या आसपास हाती येतो. म्हणजे बी टाकायला २० सप्टेंबर ते २० ऑक्टोबर हा काळ चांगला. नाशिक, निफाड, महाबळेश्वरकडे थोडी सवड मिळते. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर मात्र फक्त लवकर येणारे, उष्णता सोसणारे वाण घ्या. तिथे केलचा भरवसा जास्त.

वाणातही असाच घोळ होतो. जांभळी ‘स्प्राउटिंग’ ब्रोकोली चित्रात सुंदर दिसते, पण तिचे जुने वाण महिनोन्‌महिने कडक थंडी मिळाल्याशिवाय कळी धरत नाहीत. आपल्या मैदानी भागात नुसती पाने वाढत राहतात. हिरवे, एक मोठा गड्डा देणारे वाण निवडा. कुलू खोऱ्यातल्या कटराईं केंद्रात निवडलेला ‘पुसा केटीएस-१’ हा सरळ (संकरित नसलेला) वाण आहे, पण तो संकरित वाणांपेक्षा उशिरा येतो, म्हणून त्याचे बी सप्टेंबरातच टाका. केलमध्ये कुरळ्या पानांची आणि लांब, काळपट, सुरकुतल्या पानांची ‘लॅसिनाटो’ असे दोन्ही प्रकार चालतात. केल परकी वाटते खरी, पण काश्मिरी घरातली ‘हाक’ ही पालेभाजी तिचीच सख्खी बहीण.

ट्रेमध्ये होणाऱ्या चुका

बी अगदी मोहरीसारखे दिसते; एका ग्रॅममध्ये साधारण ३०० दाणे. घरच्या वाफ्याला वीस-पंचवीस दाणे पुरतात. एका कप्प्यात एक दाणा, अर्धा ते एक सेंटिमीटर खोल. त्याहून खोल गेला तर कोंब वर येता येता दमतो.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, न धुता वापरू नका. त्यात क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत. दोन-तीनदा भिजवून पिळून घ्या, मग तीन भाग कोकोपीटला एक भाग चाळलेले गांडूळखत मिसळा. मुठीत दाबल्यावर बोटांमधून एखाद-दुसरा थेंब येईल, इतकाच ओलावा हवा.

आता सगळ्यात जास्त रोपे बिघडवणारी चूक. पेरल्यावर ओल टिकावी म्हणून ट्रे प्लॅस्टिकने झाकतात. ते ठीकच आहे. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसताच झाकण काढावे लागते, त्याच दिवशी. एक दिवस जरी अंधारात राहिले, तरी रोप पांढुरक्या दोऱ्यासारखे लांबते आणि वर हृदयाच्या आकाराची दोन पिवळट पाने लटकत राहतात. खिडकीतल्या मंद उजेडातही हेच होते. झाकण काढल्यावर ट्रे उघड्यावर, ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली ठेवा आणि आठवडाभरात हळूहळू पूर्ण उन्हाची सवय लावा. थोडी लांबलेली रोपे फेकू नका; लावताना पहिल्या दोन पानांपर्यंत मातीत पुरली की सावरतात.

रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवे पडले, तर ती रोपांची मर. कारण जवळजवळ नेहमी जास्त पाणी. झारीने सकाळीच पाणी द्या, संध्याकाळी पृष्ठभाग कोरडा दिसला पाहिजे. साध्या बियाण्याला पेरणीआधी ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पूड चोळा, किलोला ५ ते १० ग्रॅम या हिशेबाने. घरच्या चिमूटभर बियांना चिमटीतली नखभर पूड पुरते. रंगीत लेप असलेल्या बियाण्यावर आधीच औषध असते, त्याला काही लावू नका.

कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसते. तिसरे-चौथे पान आल्यावर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

रोप ट्रेमध्ये म्हातारे करणे

२५ ते ३० दिवसांत चार-पाच पाने आली, की रोप हललेच पाहिजे. पाच-सहा आठवडे रखडलेल्या रोपाची मुळे कप्प्यात गुंडाळली जातात, खोड लाकडासारखे होते. असे रोप लावल्यावर वाढायच्या ऐवजी घाबरून छोट्या वयातच कळी धरते. दोन-तीन सेंटिमीटरचा तो गड्डा म्हणजेच ‘बटण’. एकदा बटण दिसले की कितीही खत घातले तरी तो गड्डा मोठा होत नाही. वाफा तयार नसेल, तर रोपे मोठ्या पिशव्यांत हलवा, पण ट्रेमध्ये थांबवू नका.

लावणी संध्याकाळी करा. ऑक्टोबर हीट सरली नसेल तर पहिला आठवडा शेडनेट राहू द्या. ब्रोकोलीला दोन्हीकडून ४५ सेंटिमीटर, केलला ३० ते ४५. कुंडीत एका ब्रोकोलीला १५ ते २० लिटर माती हवी. एका पिशवीत तीन रोपे कोंबली, की तिन्ही बटणे देतात.

अन्न कमी, किंवा भलतेच जास्त

चौरस मीटरला अडीच-तीन किलो चांगले कुजलेले शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड. नंतर तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात प्रत्येक रोपाला ३ ग्रॅम युरिया किंवा दोन मुठी गांडूळखत. पहिला महिना रोप उपाशी राहिले तरी बटण होते, आणि युरियाचा मारा झाला तर दांडा आतून पोकळ निघतो. पोकळ दांड्याचे दुसरे कारण बोरॉनची कमतरता. आतला पोकळ भाग तपकिरी दिसत असेल, तर पुढच्या हंगामात लावणीपूर्वी चौरस मीटरला १ ग्रॅम बोरॅक्स पाण्यात विरघळवून द्या. हे मोजूनच करा, थोडे जास्त झाले तरी पाने करपतात. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत पाने अरुंद, चाबकासारखी झाली तर ती मॉलिब्डेनमची कमतरता. तिथे आधी चुना घालून मातीचा सामू (पीएच) सुधारावा.

अळी दिसल्यावर धावपळ

चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी जेमतेम सेंटिमीटरभर, फिकट हिरवी. बोट लावले की तडफडत मागे सरते आणि धाग्याला लोंबकळते. ती पानाचा खालचा भाग खाते, वरचा पातळ पापुद्रा तसाच राहतो. पान उजेडात धरले तर छोट्या छोट्या खिडक्या दिसतात. या खिडक्या दिसताच हालचाल करा, पान चाळणी झाल्यावर उशीर होतो. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची पूड लिटरला १ ते २ ग्रॅम, पाकिटावरचे प्रमाण पाहून, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. उन्हात तिचा परिणाम लवकर संपतो. पाने मेणचट असतात, त्यामुळे साबणाचे दोन-तीन थेंब घातले नाहीत तर फवारा ओघळून जातो. मावा (रस शोषणारे बारीक किडे) आणि अळी दोन्हींसाठी ५ टक्के निंबोळी अर्क: लिटरला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून. वाफ्याच्या कडेने लावणीच्या १५ दिवस आधी मोहरी पेरली तर पतंग तिच्यावर अंडी घालतात, मात्र त्या मोहरीवरच्या अळ्या नियमित मारल्या नाहीत, तर तिथूनच त्या ब्रोकोलीवर येतात.

पानाच्या कडेपासून आत इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा पिवळा डाग आणि काळ्या शिरा म्हणजे घाण्या रोग. त्यावर औषध शोधत बसू नका. रोप मुळासकट काढून नष्ट करा, कंपोस्टमध्ये टाकू नका, आणि त्या वाफ्यात दोन-तीन वर्षे कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी यांपैकी काहीच लावू नका.

काढणीत चालढकल

फ्लॉवरसारखी पाने बांधून गड्डा झाकायची गरज नाही, ब्रोकोलीला ऊन हवेच. कळ्या घट्ट, टाचणीच्या डोक्याएवढ्या असताना, कडेच्या कळ्या जराशा सैल व्हायला लागल्या की त्याच दिवशी काढा. आणखी मोठा होईल म्हणून थांबलात, तर पिवळी फुले येतात. दांडा १२ ते १५ सेंटिमीटर ठेवून तिरका कापा, म्हणजे कापावर पाणी साचून तो सडत नाही. मुख्य गड्डा गेला म्हणून रोप उपटू नका. पाणी आणि मूठभर खत दिले, तर पानांच्या बेचक्यांतून आणखी तीन-चार आठवडे लहान गड्डे मिळत राहतात. केलची फक्त खालची पाने काढा, शेंड्याची पाच-सहा कायम ठेवा.

बी धरण्याच्या नादात रोप ठेवून देऊ नका. संकरित ब्रोकोलीच्या बियांतून तसेच रोप येत नाही, आणि केलला फुलायला आपल्याकडे पुरेशी थंडीच पडत नाही. पाकिटात उरलेले बी मात्र हवाबंद डबीत, वर तारीख लिहून, कोरड्या थंड जागी ठेवा. तीन वर्षे तरी चांगले उगवते.