पाचव्या बदलीनंतर

2018 साली आठ महिन्यांत पाच ठिकाणं! ऑर्डर रात्री साडेदहाला, व्हॉट्सॲपवर. राहतो भांडुपला, वसईला जायचं तर आधी उलटं दादर गाठा.

नेमणूकपत्रात ‘कुठेही बदली’ होतंच, म्हणजे नुसती बदली बेकायदा नव्हे. पण हे सुरू झालं ओव्हरटाइम मागितल्यावर, आणि तेच कामी आलं. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा कायद्यात, चौथ्या अनुसूचीत, आकसाने केलेली बदली येते. मी क्लार्क; मॅनेजरला हा रस्ता नाही. तक्रारीची मुदत 90 दिवस, माझे सत्तर गेलेले.

मेसेज तारखेनिशी छापले. हरकतीचं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पोचपावती जपली. कामावर मात्र रोज गेलो, वकीलबाईंनी तसं बजावलंच होतं. औद्योगिक न्यायालयाची नोटीस गेली आणि दुसऱ्या तारखेआधीच अंधेरीची ऑर्डर हातात. चक्क लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी.