ब्रिटनमध्ये नॉनफिक्शन लेखक व्हायचंय? मग अख्खं पुस्तक आधी लिहू नका

ब्रिटनमध्ये राहून नॉनफिक्शन लिहायचं ठरवलेली बरीच तरुण मुलंमुली दोन वर्षं खपून अख्खं पुस्तक लिहून काढतात आणि मग एजंट, म्हणजे प्रकाशकाला पुस्तक विकून देणारा मध्यस्थ, शोधायला निघतात. कादंबरीला तसंच लागतं, पण नॉनफिक्शन तिकडे बहुतेक वेळा प्रपोजलवर विकलं जातं, म्हणजे पुस्तक लिहायच्या आधीच. आत्मकथन असेल तर मात्र बरेच एजंट पूर्ण लिहिलेलं मागतात.

प्रपोजलमध्ये असतं ते असं: पुस्तक कशाबद्दल आहे, प्रत्येक प्रकरणाचा एकेक परिच्छेद, त्या विषयावरच्या आधीच्या पुस्तकांपेक्षा तुमचं वेगळं काय, आणि एक-दोन नमुना प्रकरणं. पण सगळ्यात अवघड प्रश्न असतो तो 'तुम्हीच का?' आणि चोवीस वर्षांच्या माणसाकडे ना पीएचडी असते ना नाव, मग काय सांगायचं? इतिहासलेखक विल्यम डॅलरिंपल बघा, केंब्रिजला शिकत असताना १९८६ मध्ये मार्को पोलोच्या वाटेने जेरुसलेमहून निघून कुबलाई खानाच्या उन्हाळी राजधानीपर्यंत गेला आणि त्यावरचं पहिलं पुस्तक १९८९ मध्ये आलं तेव्हा चोविशीतच होता. तो प्रवास त्याने स्वतः केलेला होता, उत्तर तिथेच होतं. ब्रिटनचे कालवे हा नुसता विषय झाला, पण बांधून ठेवायला कायमची जागा नसलेल्या बोटींना साधारण दर १४ दिवसांनी जागा बदलावी लागते आणि अशा बोटवाल्यांबरोबर तुम्ही एक अख्खा हिवाळा काढलात, तर ते पुस्तक झालं.

आता कागदपत्रं. लंडनमध्ये क्यू इथलं नॅशनल अर्काइव्ह्ज, म्हणजे सरकारी जुन्या कागदपत्रांचा संग्रह, ही माझी सगळ्यात आवडती जागा आहे. रीडर्स तिकीट फुकट मिळतं, पण पेन आत नेता येत नाही, फक्त पेन्सिल, खोडरबरसुद्धा नाही, आणि सामान लॉकरमध्ये. आपल्या फोनने कागदांचे फोटो काढता येतात, त्याचे पैसे पडत नाहीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दिवसभरात शेकडो फोटो काढले आणि घरी येऊन बघते तर कुठला कागद कुठल्या फाइलमधला काहीच कळेना, दोन शनिवार परत जावं लागलं. तेव्हापासून फाइल उघडली की पहिला फोटो संदर्भ क्रमांकाचा आणि मगच आतले कागद, ही सवय पहिल्याच दिवशी लावा. जे अर्काइव्हमध्ये नाही ते सरकारी खात्याकडे माहितीच्या अधिकाराखाली मागा. हा कायदा २००० चा, अंमल २००५ पासून, साधा ईमेल चालतो आणि साधारणपणे कामाच्या २० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न जितका नेमका तितकं उत्तर कामाचं. आणि मुलाखतींची रेकॉर्डिंग, नोट्स, सगळं जपून ठेवा, कारण बदनामीचा खटला झाला आणि 'हे खरंच आहे' असा बचाव घ्यायचा असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी लिहिणाऱ्यावरच येते.

एजंटची नावं 'रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक'मध्ये मिळतात, लायब्ररीत बघा. एजंट ब्रिटनमधल्या विक्रीवर सहसा १५ टक्के घेतो. नुसतं वाचायचे पैसे मागणाऱ्याकडे जाऊच नका.

पैशांचं स्पष्ट सांगते, कारण आधी हे कोणी सांगत नाही. २०२२ च्या सर्व्हेत लेखन हेच मुख्य काम असलेल्यांची लेखनातली मध्यम कमाई (म्हणजे निम्म्या जणांची याहून कमी) वर्षाला ७,००० पौंड होती, २००६ मध्ये तीच १२,३३० होती. समजा तुम्हाला प्रकाशकाकडून १०,००० पौंड ॲडव्हान्स, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळाला, तर तो बहुतेकदा चार हप्त्यांत येतो: करारावर सही झाल्यावर, हस्तलिखित दिल्यावर, हार्डबॅक आल्यावर, पेपरबॅक आल्यावर. म्हणजे एका वेळी २,५००, त्यातून एजंटचे गेले की हातात २,१२५, त्यावरचा टॅक्स वेगळा, आणि दोन हप्त्यांत कधी कधी वर्ष जातं. म्हणून पार्ट-टाइम नोकरी सोडू नका प्लीज, पहिलं पुस्तक तिच्याच आधाराने पूर्ण होतं.

करार हातात आला की सही करायच्या आधी सोसायटी ऑफ ऑथर्स या लेखकांच्या संघटनेचं सभासदत्व घ्या, ते सभासदांचे करार तपासून देतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. स्वतंत्र कामाची कमाई टॅक्स वर्षात १,००० पौंडांच्या वर गेली की एचएमआरसीकडे, म्हणजे तिथल्या करखात्याकडे, नोंदणी करायची, ते वर्ष संपल्यावर येणाऱ्या ५ ऑक्टोबरच्या आत. आणि आपल्याकडून तिकडे शिकायला गेलेल्यांनी हे खास बघा, स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, तेव्हा लेखाचे किंवा ॲडव्हान्सचे पैसे घ्यायच्या आधी इमिग्रेशन सल्लागाराला विचाराच. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वयंरोजगार चालतो.

पुस्तक आलं की त्याच आठवड्यात पब्लिक लेंडिंग राइटसाठी नोंदवा. सार्वजनिक लायब्ररीतून पुस्तक नेलं गेलं की दर वेळी काही पेन्स जमा होतात, वर्षाला जास्तीत जास्त ६,६०० पौंडांपर्यंत, आणि हे पैसे फेब्रुवारीच्या सुमारास येतात.