संकासुरापासून तात्या सरपंचापर्यंत: कोकणात विनोदी नट म्हणून उभं राहायचं तर

सिंधुदुर्गात विनोदी काम शिकायचं असेल तर सुरुवात दशावतारापासून, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या पौराणिक लोकनाट्यापासून करावी. हातात लिहिलेली संहिता नसते, नेपथ्य म्हणून एक लाकडी बाक, आणि समोर देवळाच्या आवारात रात्र जागवायला आलेली माणसं. आख्यान त्यांना तोंडपाठ असतं. पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला हसवणं हीच इथली खरी परीक्षा, आणि ती ज्याला जमली त्याला नाट्यगृहातल्या प्रयोगाची धास्ती उरत नाही.

हा रस्ता कुठवर जातो ते मच्छिंद्र कांबळींच्या कामावरून दिसतं. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आलं. गावकरी मिळून द्रौपदीवस्त्रहरणाचं नाटक बसवतात आणि त्यात जो गोंधळ होतो तो म्हणजे हे नाटक. कांबळींचा तात्या सरपंच त्या गोंधळाच्या मधोमध. पाच हजारांवर प्रयोग झाले आणि मालवणी बोली मुख्य धारेच्या रंगमंचावर मानाने बसली. गावच्या नाटकातली धांदल, मानपान, रुसवेफुगवे जवळून पाहिल्याशिवाय असं काम उभं राहत नाही. म्हणून आधी गाव, मग मुंबई.

मंडळात शिरताना

जत्रा कार्तिकात सुरू होतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, सोनुर्लीच्या माऊलीच्या जत्रेच्या दिवसांत, दशावतारी मंडळांना उसंत नसते आणि हा हंगाम वैशाखापर्यंत चालतो. त्यामुळे दिवाळीनंतर काम मागायला गेलं तर संच ठरलेला असतो. गणपती झाल्यावर आणि दसऱ्याच्या आत मालकाला भेटावं. ‘विनोदी काम करतो’ एवढंच सांगून भागत नाही. पट्टी कुठली, पदं किती येतात, स्त्रीपार्ट जमतो का, तलवारीचं युद्ध येतं का, हे आपणहून सांगावं. दहा-बारा माणसांत सगळं आख्यान उभं करायचं असतं, म्हणून एकच गोष्ट येणाऱ्या नटाला मालक सहसा घेत नाहीत.

पहिल्या हंगामात हातात झांज येईल आणि वाट्याला एखादा द्वारपाल किंवा सेवक. हे मनापासून स्वीकारावं. झांज धरून पखवाजाशेजारी बसलेल्याला आख्यानाची बांधणी सर्वांत आधी कळते. कोणता नट कुठे श्वास घेतो, पेटी कुठे सूर सोडते, हशा कुठे पिकतो आणि कुठे विरतो, हे समोर बसलेल्यापेक्षा त्याला स्वच्छ दिसतं. आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा हातात इतका मुरायला हवा की बोलता बोलता सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडली पाहिजे. विनोदाचं शेवटचं वाक्य समेच्या थोडं आधी संपवलं तर पखवाजाची थाप त्यावर बसते आणि हशा दुप्पट होतो. वाक्य थापेखाली सापडलं तर शेवटचा शब्द कोणालाच ऐकू येत नाही, आणि विनोदात सगळा जीव त्या शेवटच्या शब्दातच असतो.

संकासुर

आख्यानाआधीच्या पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, गणपती, रिद्धी-सिद्धी, भट, सरस्वती अशी पात्रं येऊन गेली की संकासुर येतो. काळा पोशाख, तोंडावर काळं कापड, त्यातून बाहेर आलेली लाल जीभ. देव शुद्ध मराठीत बोलतात, हा मालवणीत. सगळा विनोद या दोन भाषांच्या टकरीतून निघतो, म्हणून समोरच्याची भाषा जितकी भारदस्त तितकं याचं बोलणं घरगुती हवं.

सवाल-जवाब तीन पायऱ्यांत बांधावा. पहिल्या पायरीवर सरळ उत्तर, दुसऱ्यावर उलटा प्रश्न, तिसऱ्यावर विषयच पळवायचा.

“तू कोण आहेस?”
“मी? मी मीच.”
“अरे, नाव काय तुझं?”
“माझा नाव इचारतंस? आधी तुझा सांग, तू खंयचो?”
“मी ब्रह्मलोकीचा!”
“मगे एस्टी चुकली काय रे तुझी? इतक्या रातीचो हंय काय करतंस?”

इथे थांबायचं. चौथा विनोद सुचला तरी गिळावा. हशा उतरू लागल्यावर बोललेलं वाक्य आधीच्या तिन्ही वाक्यांची किंमत कमी करतं. आणखी एक नियम: कापडाने चेहरा झाकलेला असल्यामुळे डोळे आणि ओठ कामाला येत नाहीत. जे करायचं ते मानेने, खांद्याने आणि गुडघ्याने. नवीन नट आत तोंड वाकडं करून बघतो आणि लोक का हसत नाहीत म्हणून गोंधळतो. सराव करताना चेहऱ्यावर पंचा बांधून आरशासमोर उभं राहावं. प्रश्न, राग, भीती आणि लबाडी या चार गोष्टी नुसत्या मानेतून कळल्या पाहिजेत.

आणि हे विसरू नये की संकासुर हा वेद चोरणारा असुर आहे. विष्णू त्याचा वध करतो. वधाचा ताल सुरू झाला की गंमत तिथेच बंद. मरतानाही हशा काढायचा मोह पुष्कळांना होतो. त्याने विष्णूचं पात्र पडतं, आणि जत्रेला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना ते मनापासून आवडत नाही. त्यांचं बरोबरच आहे.

रत्नागिरीच्या बाजूला नमन-खेळे या तिकडच्या लोकनाट्यातही संकासुर असतो, पण वेगळा: उंच टोपी, पांढरी दाढी, पायांत नाच जास्त. तिथे विनोदाचं मोठं काम गौळणीतल्या मावशीकडे जातं. सिंधुदुर्गात शिकलेला संकासुर तसाच्या तसा संगमेश्वरात नेऊ नये.

वेळ भरून काढणं

विनोदी नटाची मंडळातली किंमत यावर ठरते. आत स्त्रीपार्टी नटाचं लुगडं नीट बसलेलं नसतं, किंवा राजाच्या मुकुटाचा बंद तुटलेला असतो, आणि पेटीवाले बुवा डोळ्यांनी सांगतात, ‘वाढव.’ अशा वेळी पाच-पाच मिनिटांचे तीन तुकडे कायम तयार हवेत: नाईकाशी म्हणजे सूत्रधाराशी भांडण, एक विनोदी पद, आणि एक मूकाभिनय, उदाहरणार्थ अंधारात होडीत चढणारा माणूस. मूकाभिनय शेवटी राखावा, कारण तो कुठेही कापता येतो. पद मध्येच सोडलं तर तुटल्यासारखं वाटतं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. पुढचा नट तयार होऊन उभा असेल तर आपलं सगळं साठवलेलं सोडून बाजूला व्हायचं. प्रयोगाआधी मालक किंवा जाणता नट कथा सांगतो तेव्हा दोन गोष्टी पाठ कराव्यात: माझ्यानंतर कोण येणार, आणि तो माझ्या कोणत्या शब्दावर येणार. विनोदाच्या भरात तो शब्द लवकर उच्चारला गेला तर समोरचा अर्धवट शृंगारात धावत येतो. अजिबात उच्चारला नाही तर तो आत ताटकळतो आणि सगळं आख्यान लांबतं. मंडळात भांडणं होतात ती बहुतेक यावरूनच.

गावाची चौकशी

संध्याकाळी गावात उतरल्यावर मानकऱ्यांपैकी किंवा देवळाच्या कमिटीतल्या कोणाला तरी गाठून चार गोष्टी विचाराव्यात. अलीकडे कोणाच्या घरी दुःख झालंय का, देवस्थानाच्या मानावरून वाद चालू आहे का, निवडणूक नुकतीच झाली का, आणि गावात सध्या सगळे ज्यावर बोलतात ती गजाल, म्हणजे गोष्ट, कोणती. पहिल्या तिन्हींना हात लावायचा नाही. चौथीतून एक वाक्य उचलायचं, कोणाचं नाव न घेता. तुटलेला साकव, न आलेलं नळाचं पाणी, वेळेवर न सुटणारी वस्तीची एस्टी, यावर लोक खळखळून हसतात कारण दुःख सगळ्यांचं सारखं असतं. माणसाच्या व्यंगावर, जातीवर किंवा घरच्या भांडणावर मिळालेला हशा त्या रात्रीपुरता असतो आणि पुढच्या वर्षी मंडळाला त्या गावची सुपारी येत नाही.

बोलीची काळजी घ्यावी ती अशीच. वाक्यामागे ‘गो’ आणि ‘रे’ लावून मालवणी होत नाही. क्रियापद बदलायला हवं: ‘इलो’, ‘गेलंय’, ‘करतंस’, ‘म्हणतत’. बांदा-सावंतवाडीकडे गोव्याची छटा येते, कणकवली-देवगडकडे वेगळा हेल. दुसऱ्या गावचा हेल नक्कल म्हणून करायला हरकत नाही. पण आपला म्हणून करू नये, लगेच पकडतात.

माईक, रंग, घाम

बहुतेक ठिकाणी बाकाच्या वर एक-दोन माईक टांगलेले असतात. विनोदाची वाक्यं त्यांच्याखाली येऊनच बोलावीत. प्रेक्षकांकडे धावत जाऊन बोललेलं पहिल्या चार रांगांपलीकडे जात नाही. संकासुराच्या कापडातून आवाज घोगरा होतो, म्हणून तोंडापाशी कापड सैल शिवून घ्यावं आणि व्यंजनं ठासून उच्चारावीत, नुसतं ओरडून उपयोग नाही.

त्याच रात्री पुढे आख्यानात दुसरं काम असेल तर रंगाचा क्रम सांभाळावा. कापडाखाली फक्त पातळ हात द्यावा, डोळे आणि भुवया नंतर. आधीच पूर्ण रंगलात तर घामाने काजळ गालावर उतरतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तेल जास्त झालं की सफेदा सरकतो, तेव्हा बोटाच्या टोकावर मावेल तेवढंच खोबरेल घ्यावं आणि वरून पावडर दाबून बसवावी, चोळू नये.

गद्य नाटकाकडे जाताना

कुडाळच्या बाबा वर्दम थिएटर्ससारख्या संस्था, कणकवलीचं वसंतराव आचरेकर प्रतिष्ठान, राज्य नाट्य स्पर्धेची हौशी केंद्रं, ही पुढची दारं. दशावतारी नटाला इथे तीन सवयी नडतात. पहिली, प्रत्येक वाक्य प्रेक्षकांना सांगणं. दुसरी, वाक्याच्या शेवटी स्वर लांबवणं. तिसरी सर्वांत घातक: लिहिलेल्या वाक्यात भर घालणं. सोबतचा नट तुमच्या शेवटच्या शब्दाची वाट बघत असतो आणि प्रकाशयोजनाही त्यावरच असते. पहिले दहा प्रयोग एकही शब्द न बदलता करावेत. मग दिग्दर्शकाला विचारून, एका जागी, एक भर. ती पाच प्रयोगांत हशा देत नसेल तर काढून टाकावी.

पावसाळ्यात जत्रा नसतात. तेव्हा सभागृहातले ट्रिकसीनचे, म्हणजे करामती दृश्यांचे दशावतार, चतुर्थीच्या दिवसांतली भजनं आणि डबलबारी, म्हणजे दोन भजनीबुवांचा सामना, मुंबईत चाकरमान्यांच्या मंडळांचे कार्यक्रम यावर वर्ष निभतं. नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, किती आणि प्रवासखर्च कोणाचा हे आधीच स्पष्ट करून घ्यावं, आपल्या गावचं मंडळ असलं तरी.

पहिल्या दिवसापासून एक फाईल ठेवावी: जत्रेची छापील पत्रकं, निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं, मंडळाच्या मालकाने वर्षाअखेरीस दिलेलं सही-शिक्क्याचं पत्र. राज्य सरकारच्या ज्येष्ठ कलावंत मानधनासाठी ५० वर्षं वय आणि किमान १५ वर्षांचं काम दाखवावं लागतं. आयुष्यभर जत्रा गाजवलेल्या नटाकडेही तेव्हा अनेकदा एक कागद निघत नाही. कागद ओल धरतात, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत आणि दर पावसाळ्याआधी मोबाईलवर फोटो काढून घ्यावेत. फोटोवर तारीख, गाव आणि केलेलं पात्र लिहून ठेवावं.