नागपुरात मुलांना शिकारी पक्षी कसे दाखवावेत

मोबाइलवर मुलं व्हिडिओ बघतात: इंग्लंडमधलं कुठलं तरी केंद्र, चामडी हातमोजा घातलेला माणूस आणि मोज्यावर बसलेला ससाणा. मग विचारतात, "आपण कधी जायचं?" आपल्याकडे तसं केंद्र नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे घार, शिक्रा, घुबड पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे असं माझं ठाम मत आहे. नागपूरकरांना त्या मोज्याची गरजही नाही. थंडीत एक सकाळ मोकळी काढा, शिकारी पक्षी मोकळ्या आभाळात दिसतात.

वेळ

इतर पक्ष्यांसाठी पहाटे उठावं लागतं, यांच्यासाठी नाही. ऊन चढलं की जमिनीवरची हवा तापून वर जाते आणि त्या हवेवर पंख पसरून घारी, गरुड गिरक्या घेतात. त्यामुळे आधी तर्री पोहे खाऊन, आजी-आजोबांनाही सोबत घेऊन साडेआठ-नऊला पोचलात तरी चालतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, कारण तेव्हा उत्तरेकडचे पाहुणेही आलेले असतात. मे महिन्यात लहान मुलांना घेऊन अजिबात जाऊ नका.

जागा

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी अंबाझरीचं जैवविविधता उद्यान निवडावं. गवताळ मोकळी जागा, बाजूला तलाव. मुलांना आभाळ अडत नाही. गोरेवाडा तलावाकडे झाडी दाट आहे, तिथे शिक्रा शोधायला मजा येते. कुठेही जाण्याआधी सुट्टीचा वार आणि तिकिटाची वेळ फोन करून विचारा. दाराशी जाऊन परत फिरलं की मुलांचा उत्साह तिथेच संपतो.

दुर्बीण

आठ पटीची दुर्बीण घ्या. दहा पटीची मुलांच्या हातात हलते. आधी पक्षी नुसत्या डोळ्यांनी धरायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची. ही सवय घरी गच्चीवरून पाण्याच्या टाकीकडे बघत करून घ्या. सूर्य पाठीशी ठेवून उभं राहा. गिरक्या घेणारा पक्षी फिरत फिरत सूर्याकडे गेला की दुर्बीण लगेच खाली, हा नियम मुलांकडून आधीच म्हणवून घ्या. सूर्याकडे दुर्बीण लावली तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

ओळख

पुस्तकातली सगळी नावं पहिल्याच दिवशी शिकवू नका. घार, कापशी आणि शिक्रा, एवढे तीन पुरेत.

घारीची शेपटी बघा. टोकाला मधोमध खाच असते आणि उडताना ती शेपटी सारखी डावी-उजवीकडे वळवते. एकदा हे दिसलं की मूल पुन्हा चुकत नाही. घार झडप घालून हातातलं खाणं उचलते, म्हणून डबा उघड्यावर खोलू नका आणि तिच्याकडे तुकडेही फेकू नका.

कापशीवर मात्र भरपूर वेळ द्या. कावळ्याएवढी, पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. तारेवर बसली की मधूनमधून शेपटी वर-खाली करते. शिकारीला निघाली की माळावर एकाच जागी पंख मारत हवेत थांबते, मान खाली, नजर गवतात. थोडी खाली येते, पुन्हा थांबते. मग पंख वर उचलून, पाय खाली सोडून थेट गवतात उतरते. उंदीर मिळाला तर जवळच्याच झाडावर बसून खाते, आणि तेव्हा दुर्बिणीतून नख्या दिसतात. माझ्या मते अंबाझरीला यासाठीच जावं.

शिक्रा कानांनी शोधायचा. खारुताईची एकसारखी चिकचिक आणि बुलबुलांचा गलका एकाच निंबाभोवती सुरू झाला की त्या झाडाची एकेक फांदी बघा. छातीवर बारीक तांबूस पट्टे असलेला कबुतराएवढा पक्षी आत दडून बसलेला असू शकतो. मोठ्या घारीमागे कोतवाल लागलेला दिसला तर तेही मुलांना दाखवा. एवढासा पक्षी आपल्या घरट्याजवळून घारीला हाकलून लावतो.

गिधाडं बघायची असतील तर

त्यासाठी पेंच. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे देशभरातली गिधाडं झपाट्याने संपली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून लांब चोचीची गिधाडं पेंचमध्ये आणली आणि त्याच वर्षी ती निसर्गात सोडली. ती दिसतीलच अशी आशा मुलांना लावू नका, पण त्यांची गोष्ट जाताना गाडीत जरूर सांगा.

जखमी पक्षी सापडला तर

संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने घारी, घुबडं कापली जातात. सेमिनरी हिल्सला वनविभागाचं उपचार केंद्र आहे. ती सहलीची जागा नाही, तिथे पक्षी बरे व्हायला असतात. तुमच्यासमोर एखादा पडला तर मुलांना चार पावलं मागे घ्या. जाड टॉवेल अंगावर टाकून डोकंही झाका, अंधारात तो शांत होतो. चोचीपेक्षा नख्यांपासून जपा. पंखात अडकलेला मांजा ओढू नका, बाहेर लोंबणारा तेवढा कापा. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. चोचीत पाणी घालू नका, काही भरवू नका. मग वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा आणि खोकं सावलीत, माणसांच्या गर्दीपासून दूर ठेवा. त्यांची माणसं येईपर्यंत झाकण उघडून बघायचं नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.