पंतप्रधानांचा परदेश दौरा कागदावर कसा मांडावा

सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात मी बरीच वर्षं राजशिष्टाचाराचं काम पाहिलं. आता अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षेची मुलं येतात, त्यांना एक सराव देतो: पंतप्रधान दोन दिवस टोकियोला निघालेत, मिनिटागणिक कार्यक्रम लिहा. बहुतेक जण 'सकाळी ९ वाजता आगमन' इथूनच सुरुवात करतात. तसं करू नका.

आधी न हलणाऱ्या वेळा मांडा. आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते विठ्ठलाची शासकीय महापूजा पहाटे होते. ती वेळ धरूनच बाकीचा दौरा मागेपुढे बसवायचा, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं. परदेशात ही जागा मानवंदना, शिष्टमंडळांची चर्चा, करारांवर सह्या आणि यजमानांची मेजवानी घेतात. त्या वेळा यजमान देशाचा राजशिष्टाचार विभाग आणि आपला दूतावास मिळून ठरवतात; आपण एकट्याने बदलायच्या नसतात.

मग प्रत्येक ओळीपुढे दोन वेळा लिहा, तिथली आणि आपली. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथले सकाळचे ९ म्हणजे इथले पहाटेचे साडेपाच. रात्र विमानात काढलेल्या माणसाला उतरल्या उतरल्या मुख्य चर्चेला बसवू नये.

चर्चेची वेळ लिहिताना दुभाषा विसरू नका. '३० मिनिटं' लिहिलंत आणि दुभाषा प्रत्येक बोलण्यानंतर भाषांतर करणार असेल, तर प्रत्यक्ष बोलायला १५ मिनिटं उरतात. त्यातली निम्मी समोरच्यांची. आपल्या वाट्याला सात-साडेसात मिनिटं! मुद्दे काढणाऱ्यांना हे आधीच सांगा, म्हणजे ते १२ मुद्दे आणणार नाहीत.

प्रवासाचं गणित नकाशावरून करू नका, चालून बघा. एका आषाढीच्या रंगीत तालमीत विश्रामगृह ते मंदिर हे अंतर मी गाडीच्या वेळेने धरलं होतं. गाडीतून उतरणं, चपला काढणं, पाय धुणं, गर्दीतून आत जाणं, यातलं काहीच मोजलं नव्हतं. सात मिनिटांचा फरक पडला आणि रात्री १० वाजता पुन्हा सगळा कागद लिहायला बसलो. त्यानंतर मी नेहमी दारापासून दारापर्यंत घड्याळ लावलं. परदेशात आधी पोचणारं पथक हेच करतं: लिफ्टला किती वेळ लागतो, शिष्टमंडळाच्या गाड्या कुठे उभ्या राहतात, कोण कुठल्या गाडीत. प्रमुख पाहुणे बसले की ताफा हलतो, मागे राहिलेल्यासाठी थांबत नाही.

वेळ कमी पडला की पहिली कात्री छोट्या भेटीला लागते. तिथे भांडा. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. मे २०१३ मध्ये चीनचे पंतप्रधान ली केकियांग भारतात आले, तेव्हा मुंबईत त्यांनी डॉक्टरांच्या वृद्ध बहिणीची भेट घेतली. त्या दौऱ्यातल्या करारांची नावं मला आठवत नाहीत, ही भेट आठवते. अशा भेटीला स्वतःची ओळ द्या, मिनिटं द्या, पुढे जबाबदार अधिकाऱ्याचं नाव लिहा. 'वेळ उरल्यास' हे शब्द त्या ओळीत येऊ देऊ नका.