दोन गेमिंग पीसी, एकच बजेट: कोटेशन वाचताना या चुका टाळा

दोन कोटेशनं समोर आली की नजर दोनच ओळींवर जाते: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. मदरबोर्ड (पुढे नुसतं ‘बोर्ड’), रॅम, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा), कॅबिनेट या ओळी फारसं कुणी वाचत नाही. काटछाट नेमकी तिथेच होते.

एक जोडी घेऊ. पहिलं कोटेशन: रायझन ५ ५६००, ए५२० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी. दुसरं: रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर५, साधं आरटीएक्स ५०६० ८ जीबी. समजा, रक्कम जवळपास सारखीच. टीआय कार्डात चित्राची गणितं करणारे ४६०८ कोअर, साध्या ५०६० मध्ये ३८४०. म्हणजे कागदावर पहिलं सरळ २० टक्क्यांनी वरचढ, आणि बरेच जण इथेच निर्णय घेऊन मोकळे होतात.

बोर्डाची ओळ न वाचणं

कार्ड आणि बोर्ड यांच्यात डेटा पीसीआयई नावाच्या जोडणीतून, तिच्या समांतर वाटांवरून म्हणजे लेनवरून जातो. ही दोन्ही कार्डं फक्त ८ लेनवर चालतात. ए५२० बोर्ड कार्डाला पीसीआयईची ३.० आवृत्ती देतो, म्हणजे ८ लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी डेटा. बी६५० वर किमान ४.० मिळतं, म्हणजे त्याच्या दुप्पट. गेम कार्डाच्या ८ जीबी मेमरीत मावतोय तोवर हा फरक जवळजवळ कळतही नाही. टेक्स्चर (पृष्ठभागांच्या चित्रांचा दर्जा) अल्ट्रावर नेलं की मेमरी कमी पडते, उरलेला डेटा मुख्य रॅममधून याच वाटेने ये-जा करतो, आणि वाट अरुंद असली की गेम अडखळतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) ठीकच दिसतो, पण कॅमेरा झटकन वळवला की चित्र क्षणभर थिजतं. मग ड्रायव्हर बदला, विंडोज पुन्हा टाका, असे उद्योग सुरू होतात. आधी टेक्स्चर एक पायरी खाली आणा आणि बाकीची सेटिंग्ज तशीच ठेवा. अडखळणं थांबलं तर दुखणं मेमरीचंच आहे.

खरेदी व्हायची असेल तर पहिल्या कोटेशनमध्ये ए५२० ऐवजी बी५५० मागा. त्यातही एक मेख आहे. ५६०० च्या जागी ५६००जी किंवा ५५०० आला, तर बोर्ड बी५५० असूनही कार्डाला पुन्हा ३.० च मिळतं, आणि प्रोसेसरची आतली झटपट मेमरी, म्हणजे एल३ कॅश, ३२ एमबीवरून १६ एमबीवर येते. ‘तोच आहे, फक्त पुढे जी आहे’ हे उत्तर मुळीच ऐकून घेऊ नका. दुसरा रस्ता म्हणजे आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी: हे कार्ड १६ लेनवर चालतं आणि त्याची मेमरीही दुप्पट आहे. जुन्या बोर्डावर ८ जीबीच्या टीआयपेक्षा आम्ही हेच सुचवू.

गेम आणि मॉनिटर न ठरवताच तुलना

व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ आणि १४४ हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर असेल तर भार प्रोसेसरवर येतो. तिथे ७६०० असलेलं दुसरं कोटेशन घ्या. सायबरपंक २०७७ सारखे गेम १४४०पी वर खेळायचे असतील तर कार्डाला महत्त्व, पण मग ८ जीबीचं कुठलंच कार्ड नको. पुढे भर घालायची असेल तरी दुसरंच बरं. पहिल्या कोटेशनचं एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) आता जुनं झालंय, आणि दुसऱ्यातल्या एएम५ चा पाठिंबा २०२७ पर्यंत व त्यापुढेही राहील असं एएमडीने जाहीर केलं आहे.

‘१६ जीबी’ एवढंच पाहणं

८ जीबीच्या दोन स्टिक की १६ ची एक, हे लिहून घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कडाडल्यामुळे एकच स्टिक देण्याचा मोह वाढलाय, आणि एकाच स्टिकने, म्हणजे सिंगल चॅनलवर, डेटाची वाट निम्मी होऊन प्रोसेसरची दमछाक होते. स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात; बोर्डाला दोनच खाचा असतील तर प्रश्नच नाही. डीडीआर५-६००० विकत घेतली तरी बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅमचा छापील वेग लावणारा पर्याय, चालू करेपर्यंत ती सहसा ४८०० किंवा ५२०० वर चालते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग आणि भरलेल्या खाचा दोन्ही दिसतात. एएम५ बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं काळा पडदा दाखवू शकतो. रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे तिच्याशी जुळवून घेणं, चाललेलं असतं. घाबरून बटण दाबू नका.

वॅटच्या आकड्यावर एसएमपीएस घेणं

टीआय कार्ड १८० वॅट, ५६०० जास्तीत जास्त ७६ वॅट. सगळं धरून ३५० वॅटच्या आत. चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. अनोळखी ब्रँडचा ७५० वॅटचा नको. ८० प्लसचा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, आतल्या भागांची प्रत नाही. मॉड्युलर एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीची केबल लावू नका. प्लग बसतो, पण पिनांची रचना वेगळी असू शकते, आणि एसएसडी जळू शकते.

गेम ऐन रंगात असताना पीसी रीस्टार्ट होतो आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसते. याचा अर्थ पीसी अचानक बंद पडला, एवढाच. कारण त्यातून कळत नाही. आफ्टरबर्नर या कार्ड-सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. रीस्टार्ट थांबले तर संशय एसएमपीएसवर घ्या. वीज जाते तेव्हाच पीसी बंद पडत असेल तर यूपीएस तपासा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो, त्यात मॉनिटरही आला.

कॅबिनेट शोभेसाठी घेणं

परीक्षणांतले तापमानाचे आकडे बहुधा थंड खोलीतले असतात. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, आणि खोली जितक्या अंशांनी जास्त तापेल, जवळपास तितक्याच अंशांनी कार्डही जास्त तापतं. समोर सलग काच असलेल्या कॅबिनेटला हवा ओढायला जागा नसते. बाजूचं झाकण काढून तोच गेम १५ मिनिटं चालवा. कार्ड ८-१० अंशांनी थंड झालं तर दोष कॅबिनेटचा. जाळीदार पुढचा भाग आणि पुढे दोन पंखे, एवढं पुरे. आरजीबी दिव्यांचे पैसे एसएमपीएसमध्ये घाला.

जोडल्यावर ‘गेम चालत नाही’

मॉनिटरची केबल कार्डात लावायची, बोर्डात नाही. ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डात लावल्यास पडदा काळाच राहतो आणि चूक लगेच सापडते. ७६०० मध्ये मात्र छोटं ग्राफिक्स आहे. विंडोज झकास दिसतं, गेम रडतखडत चालतो, आणि खापर नव्या कार्डावर फुटतं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच राहिला नाही ना, तेही डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये बघून घ्या.

रक्कम आणि बिल

एका कोटेशनमध्ये जीएसटी धरलेला आणि दुसऱ्यात नसेल तर तुलनाच खोटी: ८०,००० चे १८ टक्क्यांसह ९४,४०० होतात. प्रोसेसर बॉक्सचा (कंपनीच्या खोक्यातला) आहे की ट्रेचा (सुटा), हेही विचारा. ट्रेच्या प्रोसेसरला कंपनीची थेट वॉरंटी मिळत नाही, आणि कूलर सोबत असेलच असं नाही. बिलात ‘असेंबल्ड पीसी १ नग’ असं लिहू देऊ नका. प्रत्येक भागाचं नाव, मॉडेल आणि सीरियल नंबर वेगळा हवा, आणि रिकामे खोके वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर टाका.